भरवसा कोणत्या संगणकाचा?

प्रस्तावना

बँकेतील खाते, रेल्वेचे आरक्षण, परीक्षेचा निकाल, दुकानाचा हिशेब ही सारी कामे आज संगणकावर होतात. त्यामुळे संगणक बंद पडला, की केवळ एक यंत्र थांबत नाही. त्या यंत्रावर विसंबून असलेल्या माणसाचे कामही थांबते. म्हणूनच नवा संगणक घेताना किंमत आणि वेग यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न हमखास विचारला जातो : 'हा दगा तर देणार नाही ना?'

या प्रश्नाची उत्तरे बहुधा फार ठाम असतात. 'विंडोज सारखे बंद पडते', 'मॅक कधी बंद पडतच नाही', 'लिनक्ससारखे भक्कम दुसरे काही नाही' अशी विधाने तुम्हीही ऐकली असतील. असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. मात्र एक-दोन संगणकांच्या अनुभवावरून तो सर्व संगणकांविषयी निष्कर्ष काढत असतो. हे निष्कर्ष कितपत खरे आहेत आणि ते कसे तपासावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• 'विश्वासार्हता' या संकल्पनेची अंगे स्पष्ट करू शकाल;
• संगणकांच्या तीन प्रमुख घराण्यांच्या रचनेतील भेद सांगू शकाल;
• संगणक बंद पडण्याची कारणे उदाहरणांसह विशद करू शकाल;
• दावा, पुरावा आणि निष्कर्ष यांतील फरक ओळखू शकाल.

मूळ पाठ

१. विश्वासार्हता म्हणजे काय?

'विश्वासार्ह' हा शब्द 'विश्वास' आणि 'अर्ह' या दोन शब्दांच्या संधीतून झाला आहे. अर्ह म्हणजे पात्र. विश्वासाला जो पात्र, तो विश्वासार्ह. परंतु विश्वास कशाबाबत ठेवायचा, हे ठरल्याशिवाय पात्रता ठरवता येत नाही. संगणकाच्या बाबतीत निदान चार प्रश्न विचारावे लागतात. तो किती वेळा बंद पडतो? बंद पडल्यावर किती वेळात पुन्हा सुरू होतो? बंद पडताना आपली माहिती शाबूत राहते का? आणि चालू असताना तो देत असलेले उत्तर बरोबर असते का?

समजा, एक संगणक दर शंभर तासांनी अडकतो. पण एका मिनिटात पुन्हा सुरू होतो. दुसरा हजार तासांत एकदाच बंद पडतो. पण त्याचा सुटा भाग मिळण्यास दोन दिवस लागतात. हजार तासांच्या हिशेबात पहिल्याने आपली दहा मिनिटे घेतली, तर दुसऱ्याने दोन दिवस. परीक्षेचा अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी यांपैकी कोणता संगणक बरा? आणि पहिला संगणक प्रत्येक वेळी न साठवलेला मजकूर गमावत असेल, तर कादंबरी लिहिणाऱ्या लेखकाला तो चालेल का? गणित एकच, परंतु गरज बदलली, की उत्तर बदलते.

२. तीन घराणी

संगीतात घराणे बदलले, की गायकीची शिस्त बदलते. वैयक्तिक संगणकांचेही काहीसे तसेच आहे.

पहिले घराणे आयबीएम कंपनीच्या संगणकापासून सुरू झाले. १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेल्या या संगणकाचा प्रोसेसर इंटेल कंपनीचा होता आणि कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. त्याची रचना खुली असल्यामुळे इतर कंपन्याही तसेच संगणक तयार करू लागल्या. किमती उतरल्या. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा दिल्लीचे नेहरू प्लेस येथे हव्या त्या कंपनीचे सुटे भाग जोडून संगणक 'असेंबल' करून मिळू लागला. भारतातील असंख्य घरांत पहिला संगणक आला तो याच वाटेने. मात्र या स्वस्ताईची एक बाजू अशी, की एका कंपनीचा मदरबोर्ड, दुसरीचे ग्राफिक्स कार्ड आणि तिसरीचा प्रिंटर यांची जुळणी कशी होईल, याची संपूर्ण हमी कोणीच देऊ शकत नव्हते.

दुसरे घराणे ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉशचे. २४ जानेवारी १९८४ रोजी तो लोकांसमोर आला. यंत्र आणि कार्यप्रणाली ही दोन्ही एकाच कंपनीची. त्यामुळे जुळणीच्या अडचणी कमी, पण निवडीला वाव थोडा आणि किंमत अधिक.

तिसरे घराणे लिनक्सचे. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये या कार्यप्रणालीचा गाभा लिहिण्यास आरंभ केला. तिचा मूळ संकेत कोणीही वाचावा, सुधारावा आणि वाटावा, असे तिचे धोरण आहे. ती युनिक्स या जुन्या, अनेक जणांनी एकाच वेळी वापरण्यासाठी घडवलेल्या प्रणालीच्या धर्तीवर रचलेली आहे.

हे वर्णन वाचून वाटेल, की एकाच हातची रचना असलेला मॅक सर्वांत भरवशाचा ठरला असणार. प्रत्यक्ष इतिहास मात्र इतका सरळ नाही.

पाठगत प्रश्न १
(अ) विश्वासार्हता तपासताना कोणते चार प्रश्न विचारावेत?
(आ) आयबीएमच्या खुल्या रचनेचा एक लाभ व एक तोटा सांगा.

३. भिंती नसलेले घर

संगणकावर एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालतात आणि प्रत्येकाला मेमरीतील काही जागा लागते. एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या जागेत शिरता येऊ नये, म्हणून कार्यप्रणालीने मध्ये भिंती उभारायच्या असतात. सुरुवातीच्या वैयक्तिक संगणकांत अशा भिंती नव्हत्या. त्यांच्या प्रोसेसरमध्ये तशी सोय नव्हती आणि मेमरीही अपुरी होती. पहिल्या मॅकिंटॉशची मेमरी अवघी १२८ किलोबाइट होती. पुढे प्रोसेसर सुधारले, परंतु जुने प्रोग्रॅम चालत राहावेत म्हणून जुनी रचना लगेच सोडता आली नाही.

त्याचा परिणाम दोन्ही घराण्यांना भोगावा लागला. मॅकच्या नवव्या आवृत्तीपर्यंत एका प्रोग्रॅमची चूक संपूर्ण संगणकाला थांबवू शकत असे. तेव्हा पडद्यावर वात पेटलेल्या बॉम्बचे चित्र दिसे. १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ मध्ये भिंती होत्या. पण जुन्या प्रोग्रॅमांसाठी त्यांत वाटा मोकळ्या ठेवलेल्या होत्या. तेथे संकट आले, की पडदा निळा होई. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागो येथील प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या उपस्थितीत विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू असताना संगणकाला स्कॅनर जोडला गेला आणि हजारो प्रेक्षकांसमोर तोच निळा पडदा झळकला.

त्या काळातील एक दोष तर फारच बोलका आहे. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये संगणक सुरू झाल्यापासूनचा वेळ मिलिसेकंदांत मोजणारा एक गणक होता. त्याची कमाल मर्यादा ४,२९,४९,६७,२९६ इतकी. म्हणजे ४९ दिवस आणि सुमारे १७ तास पूर्ण झाले, की गणक पुन्हा शून्यावर येई आणि संगणक अडकू शके. हा दोष उघडकीस येण्यास १९९९ साल उजाडले. कारण उघड आहे : दीड महिन्याहून अधिक काळ सलग चालू राहिलेला असा संगणक आढळणेच दुर्मीळ होते! एका दोषाआड दुसरा दोष लपतो, तो असा.

याच सुमारास पक्क्या भिंती असलेल्या कार्यप्रणालीही उपलब्ध होत्या. लिनक्स ही त्यांपैकी एक. मायक्रोसॉफ्टचीच १९९३ मध्ये आलेली विंडोज एनटी ही दुसरी; परंतु तिला अधिक मेमरी लागत असल्याने ती प्रामुख्याने कार्यालयांत वापरली गेली. पुढे २००१ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी २४ मार्चला युनिक्सच्या परंपरेवर उभारलेली मॅक ओएस टेन आली आणि २५ ऑक्टोबरला एनटीचा गाभा घेऊन विंडोज एक्सपी घराघरांत पोहोचली. एकाच वर्षी दोन्ही घराण्यांनी आपल्या घराचा पाया बदलला. म्हणून २००१ पूर्वीच्या अनुभवावरून नंतरच्या संगणकांविषयी केलेले विधान तपासल्याशिवाय स्वीकारता येत नाही.

४. भिंतीतील खिंडार

भिंती उभ्या राहिल्या, तरी संगणक बंद पडण्याचे थांबले नाही. प्रिंटर, ग्राफिक्स कार्ड यांसारख्या उपकरणांशी बोलण्यासाठी 'ड्रायव्हर' नावाचे प्रोग्रॅम लागतात. ते बहुधा कार्यप्रणालीच्या गाभ्यात, भिंतींच्या आतल्या बाजूस चालतात. शिवाय ते अनेकदा उपकरण बनवणाऱ्या कंपनीने लिहिलेले असतात. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात नमूद केले आहे, की विंडोज एक्सपीच्या तेव्हा नोंदवलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के बिघाड ड्रायव्हरमुळे झाले होते. लिनक्सविषयी २००१ मध्ये झालेल्या एका अभ्यासात ड्रायव्हरमधील चुकांचे प्रमाण गाभ्याच्या उर्वरित भागापेक्षा सात पटींपर्यंत अधिक आढळले. घराणी भिन्न, पण दुबळी जागा एकच.

या दुबळ्या जागेचा प्रत्यय १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाला आला. क्राउडस्ट्राइक या कंपनीचा सुरक्षा प्रोग्रॅम विंडोजच्या गाभ्यात चालत असे. त्याला पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले. विमानसेवा, रुग्णालये, बँका यांची कामे विस्कळीत झाली. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. सदोष फाइल दीड तासाच्या आत मागे घेण्यात आली; तथापि अडकलेल्या बहुसंख्य संगणकांजवळ माणसाने स्वतः जाऊन ती काढावी लागली.

ती फाइल केवळ विंडोजसाठी होती. त्यामुळे मॅक आणि लिनक्स यांना त्या दिवशी झळ पोहोचली नाही. यावरून 'विंडोज अविश्वासार्ह आहे' असे म्हणावे का? चूक मायक्रोसॉफ्टची नव्हती, हे खरे. पण बाहेरच्या कंपनीच्या प्रोग्रॅमला गाभ्यात कितपत शिरू द्यावे, हा निर्णय कार्यप्रणालीच्या रचनेचाच भाग असतो. ॲपलने २०१९ पासून असे प्रोग्रॅम गाभ्याबाहेर काढण्याचे धोरण स्वीकारले होते. तेव्हा दोष कोणाचा आणि त्याला वाट कोणी दिली, हे दोन प्रश्न वेगवेगळे ठेवून विचार केला पाहिजे.

५. वीज जाते तेव्हा

आपल्याकडे संगणकाची खरी परीक्षा वीज घेते. फाइल लिहिली जात असतानाच वीज गेली, तर अर्धवट नोंद मागे राहते. जुन्या विंडोजच्या साठवण-पद्धतीत अशा वेळी संपूर्ण डिस्क तपासावी लागे आणि कधी कधी फाइलच हरवे.

यावर शोधलेला उपाय आपल्या दुकानदारांना पूर्वीपासून ठाऊक आहे. व्यवहार झाला, की दुकानदार तो प्रथम रोजकीर्दीत टिपतो आणि मग सावकाश खतावणीत नेतो. खतावणीचे काम अर्धे राहिले, तरी रोजकीर्द पाहून ते पूर्ण करता येते. त्याचप्रमाणे संगणकही बदल करण्यापूर्वी त्याची नोंद वेगळी ठेवू लागला. विंडोज एनटीमध्ये ही सोय १९९३ पासून होती, लिनक्सच्या गाभ्यात ती २००१ मध्ये आली आणि मॅकमध्ये २००२ मध्ये. येथे क्रम निराळाच लागला, हे ध्यानात घ्या. एका कसोटीवर मागे असलेले घराणे दुसऱ्या कसोटीवर पुढे असू शकते.

६. न थांबता चुकणारा संगणक

बंद पडलेला संगणक निदान आपली चूक लपवत नाही. चालू राहून चुकीचे उत्तर देणारा संगणक त्याहून घातक. १९९४ मध्ये अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली मूळ संख्यांविषयी संशोधन करत असताना त्यांच्या आकडेमोडीत विसंगती आढळली. कसून शोध घेतल्यावर दोष इंटेलच्या पेन्टियम प्रोसेसरच्या भागाकारात निघाला. ४१,९५,८३५ या संख्येला ३१,४५,७२७ ने भागल्यास उत्तर १.३३३८२ येते, सदोष पेन्टियम १.३३३७३ असे उत्तर देई. ना पडदा निळा होई, ना सूचना येई. अखेर इंटेलने प्रोसेसर बदलून देण्याचे मान्य केले आणि त्यापोटी ४७ कोटी ५० लाख डॉलरची तरतूद केली.

एकाच कंपनीने सर्व घडवले, म्हणजे दोष राहत नाहीत असेही नाही. २०१५ पासून ॲपलच्या लॅपटॉपमध्ये बसवलेल्या नव्या कळफलकाच्या कळा अडकत असल्याच्या तक्रारी वाढल्या आणि २०१८ मध्ये कंपनीला विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. त्या काळातील बहुतेक नव्या लॅपटॉपना हाच कळफलक असल्याने ग्राहकाला त्या घराण्यात फारसा पर्यायही नव्हता.

पाठगत प्रश्न २
(अ) योग्य पर्याय निवडा : एक्सपीच्या नोंदवलेल्या बिघाडांचे मुख्य कारण – (१) वीज (२) ड्रायव्हर (३) कळफलक.
(आ) २००१ हे वर्ष तुलनेच्या दृष्टीने महत्त्वाचे का आहे?
(इ) लेखकाने रोजकीर्दीचा दृष्टान्त कशासाठी दिला आहे?

७. तुलना कशी करावी?

वरील उदाहरणांवरून तुलनेची काही पथ्ये निश्चित करता येतात.

पहिले पथ्य प्रमाणाचे. समजा, एका गावात शंभर संगणक आहेत. त्यांपैकी ९० एका घराण्याचे व १० दुसऱ्याचे. वर्षभरात पहिल्यातील १८ बिघडले आणि दुसऱ्यातील ३. दुरुस्तीच्या दुकानात पहिल्या घराण्याचीच गर्दी दिसेल. प्रत्यक्षात पहिल्याचे प्रमाण २० टक्के आणि दुसऱ्याचे ३० टक्के आहे. तक्रारींची संख्या मोजू नये, प्रमाण काढावे.

दुसरे पथ्य समानतेचे. महाग मॅकची तुलना स्वस्तात जोडलेल्या विंडोज संगणकाशी केली, तर फरक कार्यप्रणालीचा की सुट्या भागांचा, हे कळत नाही. २००६ नंतर बरीच वर्षे मॅकमध्येही इंटेलचेच प्रोसेसर होते. त्या काळातील फरकाचे श्रेय वा दोष प्रोसेसरच्या कंपनीला देता येणार नाही.

तिसरे पथ्य काळाचे. तुलना कोणत्या वर्षाची, कोणत्या आवृत्तीची, हे नोंदवले पाहिजे. कार्यप्रणालीलाही आयुष्य असते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित साथ थांबवली. त्यानंतरही तो संगणक सुरू होतोच. पण सुरक्षेची डागडुजी थांबली, की तोच संगणक पूर्वीइतका भरवशाचा राहत नाही. अशा जुन्या यंत्रावर लिनक्स बसवून त्याचे आयुष्य वाढवता येते. मात्र आपल्या कामाचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालतात का, हे आधी पाहावे लागते.

८. समारोप

मग भरवसा कोणाचा धरावा? तिन्ही घराणी सारखीच, असे उत्तर देणे सोपे आहे. पण ते खरे नाही. रचनेचे भेद खरे आहेत आणि त्यांचे परिणामही खरे आहेत. मात्र ते भेद नावावरून कळत नाहीत. काम, काळ आणि परिस्थिती सांगितल्यावरच कळतात. तातडीची दुरुस्ती गावातच हवी असणाऱ्याला सुटे भाग सर्वत्र मिळणारा संगणक अधिक भरवशाचा. जुळणीची कटकट नको आणि खर्च झेपतो, त्याला एकाच कंपनीने घडवलेला सोयीचा. महिनोन् महिने न थांबता चालवायचे सर्व्हर बहुसंख्य ठिकाणी लिनक्सवर चालतात, तेही विचारपूर्वकच.

आणि घराणे कोणतेही असो, डिस्क एक दिवस निकामी होते. ज्याने आपल्या माहितीची प्रत दुसरीकडे ठेवली आहे, त्याचे यंत्र जाते. ज्याने ठेवली नाही, त्याचे काम जाते.

शब्दार्थ
शाबूत – सुरक्षित, धडधाकट; खिंडार – भिंतीत पडलेले भगदाड; रोजकीर्द – रोजच्या व्यवहारांची वही; खतावणी – खातेनिहाय हिशेबाची वही; दृष्टान्त – मुद्दा पटवण्यासाठी दिलेले उदाहरण; पथ्य – पाळावयाचा नियम; डागडुजी – किरकोळ दुरुस्ती.

भाषाभ्यास
'मॅक कधी बंद पडतच नाही' हा दावा आहे. '२०१८ मध्ये कंपनीने दुरुस्तीची योजना जाहीर केली' हा पुरावा आहे. 'एकाच कंपनीच्या रचनेतही दोष राहू शकतो' हा निष्कर्ष आहे. दाव्यात 'कधीच', 'नेहमी', 'सर्व' असे शब्द आले, की पुरावा मागावा. कारण असा दावा एका विरुद्ध उदाहरणानेही ढासळतो.

तुम्ही काय शिकलात?
• विश्वासार्हतेला चार अंगे आहेत : बिघाडाची वारंवारता, पूर्ववत होण्याचा वेळ, माहितीची सुरक्षितता आणि उत्तराची अचूकता.
• खुली रचना, एकाच कंपनीची रचना व मुक्त संकेताची रचना यांचे गुणदोष भिन्न आहेत.
• तुलना करताना प्रमाण, समानता आणि काळ ही पथ्ये पाळावी लागतात.

स्वाध्याय
१. 'एका दोषाआड दुसरा दोष लपतो' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. क्राउडस्ट्राइकच्या घटनेतून लेखकाने कोणते दोन प्रश्न वेगळे केले आहेत? तुमचे मत सुमारे ८० शब्दांत लिहा.
३. तुमच्या परिसरातील एखाद्या वस्तूविषयी (पंखा, सायकल, भ्रमणध्वनी) ऐकलेला ठाम दावा लिहा. तो तपासण्यासाठी कोणता पुरावा गोळा कराल, ते सांगा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे
१. (अ) किती वेळा बंद पडतो, किती वेळात पूर्ववत होतो, माहिती शाबूत राहते का, उत्तर बरोबर असते का. (आ) लाभ – किमती उतरल्या. तोटा – सुट्या भागांच्या जुळणीची संपूर्ण हमी नव्हती.
२. (अ) ड्रायव्हर. (आ) त्या वर्षी मॅक व घरगुती विंडोज या दोहोंच्या कार्यप्रणालीचा पाया बदलला. (इ) वीज गेल्यावरही फाइल सुरक्षित कशी राहते, हे समजावण्यासाठी.